संयोगिताचा स्वतंत्र झोका

हरणाबाईच्या तोंडाला गाव वचकून असे. नवरा पलटणीत होता. तो गेल्यावर मागं पेन्शन आणि शिव्या तेवढ्या उरल्या, असं ती स्वतःच सांगे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी वडूजकडच्या त्या गावात तिच्या पदरात आणखी एक जण आलं: मेलेल्या भाचीची पोर, संयोगिता.

पोरीचा बाप सांगलीहून हळदीची पोती घेऊन ट्रक चालवायचा. आधी तो एड्सनं गेला, मागून आई. पोरीचं रक्त सांगलीत तपासलं, तिला काही नव्हतं. पण डॉक्टरला काय कळतंय? गावाला जास्त कळत होतं. शाळेत पोर शिंकली की तिचा बाक रिकामा व्हायचा. फुगडीला तर तिचा हात कुणीच धरत नव्हतं.

श्रावणात एका संस्थेच्या बाई आल्या. देवळापुढं भाषण झालं. "अशा मुलांकडे विशेष लक्ष द्या, त्यांच्या मनाला आधार द्या," बाई म्हणाल्या. टाळ्या झाल्या, हार झाला, चहा झाला. सरपंच लालासाहेबांना तर गहिवरूनच आलं.

आणि गावानं खरोखरच विशेष लक्ष दिलं. नागपंचमीला सगळ्या पोरींचा झोका नेहमीसारखा वडाला बांधला आणि संयोगितासाठी ओढ्याकाठच्या चिंचेला एक स्वतंत्र झोका!

"काकू, कोरा दोर आणलाय," लालासाहेब हरणाबाईला म्हणाले. "लेकराचं मन जपाय नगं?"

"व्हय की! लेकराला एकटीला टांगून ठेवलं, की मन कसं गार हुतंय. तुमच्या नातीला बी बांधा असला एक."

लालासाहेबांना नेमकं तेव्हाच देवळात काम निघालं.

संयोगिता नवा परकर नेसून फळीवर बसली होती, पाय जमिनीला टेकवून.

"ढकलू का गं?"

"नगं. मी वडाकडं कवा जायाचं, आजे?"

हरणाबाईनं पदर खोचला आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी फळीवर चढली.

"उभी ऱ्हा. दोर घट धर."

समोरासमोर उभं राहून दोघींनी आळीपाळीनं रेटा दिला. चिंच उंच, दोर लांब. झोका थेट ओढ्यावर जाऊन येऊ लागला. संयोगिता किंचाळून हसली. वडाखाली पाळीवरून भांडणाऱ्या पोरी माना वळवून बघू लागल्या. पहिली धावत आली लालासाहेबांचीच नात.

"आजे, मला बी बसू दे!"

"न्हाई बया. तुजा आजा म्हणतोय, ह्यो येगळा झोका हाय."

"मग मला बी येगळाच पायजे!"

हरणाबाई धापा टाकत उतरली. नात फळीवर चढली. दोराला धरायला जागा पुरेना, तशी तिनं संयोगिताच्या मुठींवरच आपल्या मुठी आवळल्या. संयोगितानं एकदा त्या हातांकडं बघितलं.

"घट धर गं, पडशील," ती म्हणाली, आणि रेटा दिला.

दिवस कलेपर्यंत चिंचेखाली रांग लागली होती. तिकडं वडाच्या मोकळ्या झोक्यावर सरपंचीणबाई बनुबाई एकट्याच बसून नातीला हाका मारत होत्या.