मजुरी कसली, आपल्यात?

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून मी चंदीगडला घरीच गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. आज एक गिटारचे सर आपला अ‍ॅम्प न्यायला आले. मराठीच. माझी नात त्यांच्याच क्लासला जाते.

अ‍ॅम्प नुसता घरघरत होता. दोन दिवस एकेक जोड तपासला, तेव्हा कुठे दोष सापडला. दिल्लीहून मागवलेला पार्ट पाचशेचा, माझी मजुरी सातशे. फोनवर आधीच सांगितलं होतं, "हो हो काका" म्हणाले होते.

सरांनी वाजवून पाहिलं. "काका, नव्यापेक्षा भारी!" मग पाचशेची नोट टेबलावर ठेवली. "पार्टचे घ्या. मजुरी कसली, आपल्यात?"

इथली पंजाबी गिऱ्हाइकं घासाघीस भरपूर करतात, पण काम सुरू होण्याआधी. एकदा ठरलं की रुपया कमी देत नाहीत.

मी नोट खिशात घातली. नातीला शिकवतात ना!

संध्याकाळी नात क्लासहून आली आणि दारातच म्हणाली, "आजोबा, सर ने बोला है, फीस और गिटार के नए तारों के पैसे कल तक पक्का दे देना."

आता सांगा, नुसत्या तारांचे पैसे पाठवून "शिकवणी कसली, आपल्यात?" असं लिहू का चिठ्ठीत?