कुंकवाने राखलेली मानाची यादी

पूजा झाल्यापासून तिसऱ्या दिवशी आमच्या शेवगावच्या घरातला कॉम्प्युटर अडून बसला. या दोन घटनांचा संबंध सिद्ध करायला मला अख्खी सकाळ लागली.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. कॉम्प्युटर एका ऑफिसच्या मोडीतून आणलेला. त्यावर बातम्या लिहीन, असं घरी सांगितलं होतं. प्रत्यक्षात एकच काम झालं : धाकट्या बहिणीच्या, म्हणजे सुनीच्या, ठरलेल्या लग्नातली मानाची यादी. कोणाला फेटा, कोणाला टोपी-टॉवेल, कोण कोणाच्या आधी, हे आमच्या वडिलांनी, अण्णांनी, पंधरा दिवस भावकीत हिंडून ठरवलं होतं. (थोरलीच्या लग्नात कोपरगावच्या मामांना फेट्याऐवजी टोपी आली. मामा न जेवता गेले. दोन वर्षं फिरकले नाहीत.) यादी टाइप झाल्यावर मी रुबाबात म्हणालो, "अण्णा, आता वही कशाला? सगळं यात आहे!"

अण्णांनी वही बंबात घातली. पाणी चांगलं तापलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यावर लिनक्स ही नवी कार्यप्रणाली घालायला बसलो. पुण्याच्या मित्राने फ्लॉप्यांची चळत दिली होती आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत पहिली ओळ : 'महत्त्वाच्या फायली आधी काढून ठेव, डिस्क पूर्ण पुसली जाईल.' ही ओळ मी वाचली. वाचणं आणि लक्षात घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे संपादक मला नेहमीच सांगत.

पहिली फ्लॉपी कशीबशी वाचली गेली. पडद्याने दुसरी मागितली. दुसरी घातली. घर्रर्र, खट्, आणि 'वाचता येत नाही'! काढली, फुंकली, पुन्हा घातली. घर्रर्र, खट्!

"दादा, कण्हतंय व्हय रे ते?" सुनीने विचारलं.

"तांत्रिक बाब आहे," मी म्हणालो. (मला काही कळत नसलं की ती बाब तांत्रिक असते.)

सात वेळा झाल्यावर मी खोका उघडला. फ्लॉपीच्या फटीत बॅटरीचा उजेड मारला. आत हळद, कुंकू, तांदळाचे दोन दाणे आणि झेंडूची पाकळी!

"आई! हे काय केलंस?"

"खंडेनवमीला पूजलं की," आई शांतपणे म्हणाली. "नांगराला फाळाशी लावलं, स्कूटरला दिव्याशी. ह्याला तोंड कुठं हाय ते घावंना. ही फट दिसली, म्हनलं हेच असंल."

"अगं, मशीनची वाट लावलीस! अडाणीपणा नुसता!"

"आसंल बाबा. तू लई शिकलेला."

मी ब्रशने ड्राइव्ह झाडला. पहिली फ्लॉपी वाचली गेली. दुसरी हातात घेतली, तेवढ्यात अण्णा आले.

"पत्रिका छापायला छापखान्यात चाललोय. यादी काढून दे."

हात हवेतच राहिला. डिस्क पुसली गेली होती की नव्हती? सकाळपासून पडदा जे विचारेल त्याला मी एंटर दाबत होतो!

"काय झालं रं?" अण्णा.

"तांत्रिक..." मी दुसरी फ्लॉपी खाली ठेवली.

सुनीच्या लक्षात आलं. "दादा! कोपरगावचे मामा!"

फ्लॉपी काढून मशीन पुन्हा चालू केलं. काळा पडदा. मग अक्षरं आली. फाइल उघडली. पहिल्या ओळीत मामा, पुढे 'फेटा'. मी खुर्चीत अक्षरशः सांडलो! पुसण्याचं काम दुसऱ्या फ्लॉपीनंतर होतं, आणि ती कुंकवाने वाचूच दिली नव्हती.

लग्नात मामा दोनदा जेवले. लिनक्स त्यानंतर घातलं, यादी आधी कागदावर उतरवून.

पुढच्या खंडेनवमीला आईने ताट आणलं आणि मुद्दाम विचारलं, "आता कुठं लावू रं?"

मी कपाळ पुढे केलं. म्हणालो, "इथं लाव. बिघाड इथलाच होता."