आभाळाकडे तोंड केलेलं इंजिन

जुन्या चित्रफितीत, वाळवंटात एक रॉकेट इंजिन उलटं बांधलेलं दिसतं. तोंड आभाळाकडे, जाळ सरळ वर. अणूच्या उष्णतेवर चालणाऱ्या पहिल्या इंजिनांची चाचणी अशी घेत.

शेंगा सोलता सोलता आई माझ्या खांद्यावरून बघत होती. "अगं, हे जमिनीत घुसेल की!"

"म्हणून तर घट्ट बांधलंय."

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. पोरगी काय शिकली असं कुणी विचारलं, की आई "मोठं काहीतरी" म्हणून विषय बदलते. ते मला लागतं. म्हणून आज मी जे शिकले ते नीट सांगितलं. आत काही जळत नाही. अणू फुटून इंजिनाचा गाभा तापतो, त्याच्या भोकांतून गार हायड्रोजन जातो आणि तापून सुसाट बाहेर पडतो; दिसतो तो जाळ बाहेर हवेत पेटलेल्या हायड्रोजनचा. सुरुवातीचे गाभे हादऱ्यांनी तडकले. माणसांनी ते उघडून पाहिले, पुन्हा घडवले, तेव्हा टिकले.

"मग गेलं कुठवर?"

"कुठंच नाही. अवकाशात पाठवलंच नाही."

"टिकलं ना पण? मग झालं तर!"

कधीच न उडालेल्या इंजिनाचा मला एवढा अभिमान का वाटतो, ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. "काय बघताय मायलेकी?"

आईनं पदर सावरला. "बसा, सांगते. आत जाळ नसतो बरं का, नुसता गाभा तापतो..."

काकूंसाठी मी चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली.