तुडतुड्याचं बारसं

"गणपत सर गेले," असं फोनवर त्याच्या शेजारच्या बाई म्हणाल्या आणि मी त्यांना विचारलं, "कोण गणपत?" सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी आली तेव्हा मी हे असं विचारलं. बाई बिचाऱ्या गडबडल्या. मग म्हणाल्या, "अहो, तुमचे दादा..." तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला आणि हातातला दुधी तसाच ओट्यावर राहिला. जेवून खुर्चीत बसला होता, तसाच गेला म्हणे. प्रभादेवीहून लालबागला पोचेपर्यंत मी स्वतःशी घोकत होते, गणपत म्हणजे दादा, दादा म्हणजे गणपत. आज काही आठवडे झाले, तरी तो घोळ मिटलेला नाही. उलट वाढलाय, आणि त्याला कारण आहे तिळाएवढा एक तुडतुडा.

गणपत हे खरं तर आमच्या आजोबांचं नाव. आजोबा गिरणीत होते. ते गेले आणि पुढच्याच वर्षी दादा जन्मला, म्हणजे नाव ठरलेलंच होतं. आमच्यात गेलेल्याचं नाव येणाऱ्याला मिळतं. पंचाईत झाली ती आईची. ती मालवणकडची, आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. मग दादाचा झाला बाबल. बरं, राहायला आम्ही लालबागला, जिथे भाद्रपदात ते नाव घेतल्याशिवाय पान हलत नाही. आई जन्मभर नुसतं 'बाप्पा' म्हणत राहिली आणि कुणाला कळलंही नाही, कारण अख्खं लालबाग तेच म्हणतं. दादा मोठा झाल्यावर एकदा तिला म्हणाला, "आई, एकदा तरी माझं नाव घे गं." आईने भाकरी थापता थापता सांगितलं, "सासऱ्याचा नाव कसा घेव मी? बाबल म्हणतंय, ता काय वायट?" वाईट काहीच नव्हतं. तिने बाबल म्हणून हाक मारली की दादा कितीही पुस्तकात बुडालेला असो, आतून 'ओ' यायचा. आई गेली तेव्हा ते नावही गेलं. मी धाकटी, मी दादाच म्हणणार. कॉलेजात तो कीटकशास्त्र शिकवायचा, तिथे तो सर होता. गणपत होता तो फक्त दारावरच्या पाटीवर.

त्याने लग्न केलं नाही. विचारलं तर "वेळच झाला नाही" म्हणायचा, जे मला कधीच पटलं नाही. एवढा कामात बुडालेला माणूस, तर संध्याकाळी तासन् तास उंबराच्या पानांकडे बघायला वेळ कुठून मिळायचा? ते असो. पण त्याच्यामुळे मी काही आत्या झाले नाही. नात्यातल्या प्रत्येक बारशाला मी पाळण्याशी उभी, हातात घुगऱ्यांचं ताट, आणि बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगणार दुसरीच कुणीतरी, पाठीवर धपाटे खात, मिरवत. मला ते लागायचं. दादाने ते पाहिलं असणार, कारण किड्यांचे केस मोजणाऱ्या माणसाच्या नजरेतून काय सुटतं?

परळच्या एका बंद गिरणीच्या आवारातल्या उंबरावर त्याला तो तुडतुडा सापडला. तपासून झालं, जगात याची नोंदच नाही असं ठरलं, आणि दादाने त्याच्यासाठी नवी प्रजाती मांडून ग्रीकमधून त्याला झोकदार नाव दिलं. 'बारीक पायांचा' असा काहीसा अर्थ होता. छापूनही आलं. मला त्याने पेढे दिले. पुढे परदेशातल्या एका अभ्यासकाची फार अदबीची ईमेल आली, की हे नाव आधीच गेलेलं आहे. कुणाला? तर लाखो वर्षांपूर्वी संपलेल्या, हरणाएवढ्या, खुरांच्या कुठल्याशा जनावराला.

हे त्याने मला भायखळ्याच्या मार्केटात कोबी निवडताना सांगितलं. मी म्हटलं, "असेना का. ते जनावर काय तक्रार करायला येणारे?"

"तसं नसतं गं. हा कोबी बघ. यावर बसणारं पांढरं फुलपाखरू आहे ना, त्याचं नाव पिएरिस. आणि हिमालयात एक झुडूप आहे, त्याचंही नाव पिएरिस. आपल्या उंबराचं नाव फायकस, आणि समुद्रातल्या एका गोगलगायीचंही फायकस."

"मग त्यांचं कसं चालतं?"

"झाडांचं दप्तर वेगळं, प्राण्यांचं वेगळं. झाड आणि किडा खुशाल एका नावाने नांदतात. पण माझा किडा आणि ते जनावर, दोघंही प्राणीच. एका दप्तरात एक नाव दोघांना नाही. आधी ज्याला दिलं, त्याचं."

"आणि त्या जनावराचं उरलंय काय?"

"दात. थोडे."

मी हातातला कोबी परत टोपलीत टाकला. दात तेवढे उरलेत आणि नाव सोडायला तयार नाही! आमच्या घरात माणूस गेला की त्याचं नाव पाळण्यात येतं, आणि इथे उलटाच न्याय. दादा हसला आणि म्हणाला, "आता मलाच दुसरं नाव द्यायला सांगितलंय. तुला आत्या व्हायचं होतं ना? घे, हे माझं पोर. नाव सांग." भाजीवाला आमच्याकडे बघतच राहिला.

मी ते मनावर घेतलं. नावं सुचवत गेले. काही आधीच कुणी भुंग्याने पटकावलेली निघाली, काही कोळ्याने. जी मोकळी होती त्यांवर दादा नुसतं "बघू" म्हणायचा. नाही म्हणाला नाही, पाठवलंही नाही. दर भेटीत मी विचारायचे, "काय झालं माझ्या भाच्याचं?" आणि तो चहाच्या कपाकडे बघत म्हणायचा, "अजून बिननावाचाच आहे." त्याला माझी नावं पसंत नव्हती, की त्याच्या मनात एखादं होतं आणि ते माझ्या तोंडून यायची तो वाट बघत होता? की नुसता आळस? मी खूप विचार केला. मला कळत नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याची विद्यार्थिनी मृणाल लालबागला आली. आता स्वतः शिकवते. चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये, दादाच्या खोलीत आम्ही दोघी बसलो. ती म्हणाली, "ताई, सरांनी नवं नाव दिलंच नाही. आता मी दिलं तर चालेल. मला वाटतं, सरांचंच देऊ या. गणपतवरून. स्वतःचं नाव स्वतः देणं बरं दिसत नाही, पण आपण दिलं तर तो मान."

माझे डोळे भरून आले. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. गणपत म्हणजे कोण? फोनवर मला पडलेला प्रश्न परत पुढे उभा. गणपत म्हणजे आमचे आजोबा, ज्यांची किड्यांशी ओळख चाळीतल्या ढेकणांपुरती. ते नाव दादाकडे नुसतं सांभाळायला दिलेलं. उद्या तुडतुड्याला ते दिलं, तर जगभरच्या अभ्यासकांना दादा कळेल. पण आईला कळेल का, कोणाबद्दल बोलताहेत ते? मी म्हटलं, "थांब जरा. बाबल चालेल का?"

"बाबल?"

मी सगळं सांगितलं. ती फोनवर बराच वेळ शोधत राहिली. मला बारावीच्या निकालाची आठवण झाली. शेवटी म्हणाली, "प्राण्यांत कुणाचं दिसत नाही. मागे एखादं लॅटिन शेपूट लावीन."

"लाव," मी म्हटलं. बरोबर केलं की चूक, अजूनही ठरत नाही. पाटीवरचं नाव टाळल्याबद्दल नातेवाईक नावं ठेवतीलच. आणि दादा? तो कदाचित "बघू" म्हणाला असता.

मृणाल गेल्यावर मी कपाटातली काचेच्या झाकणाची पेटी काढली. डांबरगोळ्यांचा वास, दादाच्या सगळ्या शर्टांना यायचा तोच. कागदाच्या इवल्या त्रिकोणाच्या टोकाला चिकटवलेला तुडतुडा, चष्मा लावूनही धड दिसेना. तुडतुड्यांना आपल्यासारखे कान नसतात, देठातून आलेली थरथर त्यांना कळते, असं दादानेच कधीतरी सांगितलं होतं. मी झाकण उघडलं, दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि वाकून कुर्र केलं. मग नाव सांगितलं. बाबल.

मोठ्या भावाला कधी नावाने हाक मारली नव्हती. घरात फ्रिजचा आवाज तेवढा होता. मी तशीच वाकून थोडा वेळ थांबले, आतून 'ओ' येईल म्हणून... मग झाकण लावलं.