भाव पडला म्हणून गेटवर

रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावात घरटी एक माणूस कंपनीत आणि घरटी थोडे तरी शेअर त्याच कंपनीचे. प्लांटमध्ये काही बिनसलं की आधी भाव पडतो, मग सायरन वाजतो, असं इथे छातीठोकपणे सांगतात. मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवते, मुलांकडे उठताबसता पुरावा मागते; घरी आले की मात्र मलाही ते खरंच वाटायचं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. धाकटा भाऊ पहिल्या शिफ्टला गेलेला, आई भिजवलेले वाल सोलत होती. शेजारचे गुरुजी अनवाणीच धावत आले. निवृत्तीनंतर ते दिवसभर शेअर बाजारातच असत.

"अगो, कंपनीत काय झालंय काय? भाव धाडकन आपटलाय. माझे सगळे विकले गेले!"

भाव अमुक एका किमतीखाली गेला तर आपले शेअर आपोआप विकले जावेत, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. ती सोयच त्यांच्या मुळावर आली होती. पण आईला त्याचं काय! ती एवढंच म्हणाली, "माझा पोर आत हाय गो."

मोबाईल तर गेटवरच जमा करून घेतात. ऑफिसचा फोन सारखा एंगेज. अख्खं रोहा तोच नंबर फिरवत असणार. मी स्कूटर काढली. मागे बसलेल्या आईने वालाच्या सालींनी भरलेल्या हातांनी माझा खांदा आवळून धरला होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

गेटवर ही गर्दी. "काय नाय झालंय! जावा घरी," वॉचमन ओरडत होता. कुणाचा विश्वास बसेना, कारण खरंच काही झालं तरी तो हेच ओरडतो. शेवटी भाऊ हेल्मेट घालूनच बाहेर आला, भडकलेला. "मेलो बिलो वाटलं काय तुम्हाला?" आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच रडायला लागली.

संध्याकाळी उलगडा झाला. मुंबईत कुठल्याशा दलालाच्या ऑफिसात कुणीतरी विक्रीच्या ऑर्डरमध्ये चुकून जास्तीची शून्यं टाकली होती. त्याने भाव पडला, पडला म्हणून गुरुजींसारख्यांचे विकले गेले, त्याने आणखी पडला. तासाभरात भाव जागेवर आला. गुरुजींचे शेअर आले नाहीत. सौदे नियमाप्रमाणेच झाले, असं त्यांना उत्तर मिळालं. "चूक एकाची नि छडी दुसऱ्याला? मी असं वर्गात कधी केलं नाय," ते म्हणाले. त्या न पाहिलेल्या बोटाचा मला भयंकर राग आला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आईने माझ्याकडून तो भाव तिच्या मोबाईलवर लावून घेतला. धाकट्याची शिफ्ट सुरू झाली की मोबाईल ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायची; भाव चढला की आकडा हिरवा, पडला की लाल. "हिरवा हाय म्हंजे बरं ना गो?"

मी समजावलं, की त्या दिवशीसुद्धा शेअरच्या भावाला प्लांटमधलं काही कळलं नव्हतं. नुसती चूक होती ती.

"नसंल कळत. तुला तरी पेणात बसून काय कळतं?"

 तिला आता झोप लागायला लागली होती. मोबाईलवरचा भाव मी तसाच राहू दिला.

गेल्या थंडीत प्लांटमध्ये खरोखरच वाफेचा पाइप फुटला. भाऊ वाचला, पण दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याच्या मित्राने मला शाळेत फोन केला. आईला फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून मी पेणहून तशीच निघाले.

घरी पोचले तेव्हा आई त्याच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मला अवेळी दारात बघूनही ती दचकली नाही. पिठाच्या हाताने तिने डब्याला टेकवलेला मोबाईल दाखवला.

"आज चांगला चढलाय गो," ती हसून म्हणाली.