अर्नाळ्यात आमच्या छताचं पाणी कोणाच्या अंगणात?

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आमच्या गाडीचा फोटो लागला, तेव्हा आम्ही सहलीला जायचं ठरवलं. निवृत्त झाल्यावर विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एक जुनी कॅरव्हॅन घेतली होती. चाकांवरची दोन माणसांची खोली, बोलेरोच्या मागे जोडून ओढायची. आमच्या वसाहतीत, एव्हरशाईन सिटीत, ती दोन महिने पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभी होती. फोटोखाली लिहिलं होतं, चार दिवसांत हलवा. लोक असल्या गाड्या घेऊन हिमाचलला जातात. विलासला ट्रेलर मागे घेता येत नव्हता, म्हणून आम्ही सरळ जात राहिलं की रस्ता जिथे संपतो असं ठिकाण निवडलं. अर्नाळा.

गणपती होऊन आठवडा झाला होता. एरवी तासाभराचं अंतर, आम्हाला अडीच तास लागले. त्यातला मोठा भाग आगाशीच्या बाजारात गेला, कारण समोरून एसटी आली आणि दोघांपैकी कोणालाच मागे जाता येईना. तेवढ्यात मी उतरून सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, घेतली, तिथल्या देवळाचं बाहेरून दर्शन घेतलं, परत येऊन बसले. तुम्ही जाणार असाल तर बाजाराच्या दिवशी जाऊ नका.

जागा ओळखीतून मिळाली होती. बस्त्यावकाका आणि पास्कोलकाका हे दोन सख्खे भाऊ, दोघेही मासेमारीतले, शेजारी शेजारी घरं. मधल्या पट्ट्यात मुरूम घातलेला, तेवढीच जमीन टणक. गाडी तिथे आडवी लावली. दाराच्या बाजूला कापडी छत गुंडाळलेलं असतं, ते बाहेर ओढलं की दोन खांबांवर मांडवासारखं उभं राहतं. त्याखाली शेगडी, टेबल, दोन खुर्च्या. एक खांब बस्त्यावकाकांच्या जमिनीत आला, दुसरा पास्कोलकाकांच्या. त्याचं काही विशेष वाटलं नाही.

दुपारी पाऊस आला. विकणाऱ्याने विलासला दोन गोष्टी बजावल्या होत्या. छत सपाट ठेवायचं नाही, एक खांब वीतभर खाली घ्यायचा, म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून निघून जातं. आणि ओलं छत गुंडाळायचं नाही, बुरशी धरते. पहिली गोष्ट विलास विसरला. अर्ध्या तासात छताला पोट सुटलं. त्याने खालून झाडूने ढोसलं, आणि ते सगळं पाणी पास्कोलकाकांच्या लाकडांवर गेलं.

काका छत्री घेऊन आले. अजिबात रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की हे पानी आमच्याकडे टाकायला कोनी सांगितलं. मी माफी मागितली आणि विलासने बस्त्यावकाकांच्या बाजूचा खांब खाली केला. धार बस्त्यावकाकांच्या उंबऱ्यापाशी पडायला लागली. तेही छत्री घेऊन आले. दोघे भाऊ दहा हातांवर उभे होते आणि दोघेही माझ्याशी बोलत होते.

"त्याला सांगा, ताई, पानी ज्याचं त्यानं घ्यावं," बस्त्यावकाका म्हणाले.

मी पास्कोलकाकांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलेलंच होतं.

संध्याकाळी बस्त्यावकाकांच्या बायकोने, फिलूमावशींनी, बोंबलाचं कालवण आणून दिलं आणि खुलासा केला. अकरा वर्षांपूर्वी घरं वेगळी झाली. पागोळ्यांचं पाणी कोणाच्या हद्दीत पडतं, यावरून वाद झाला. तो इतका वाढला की दोघांनीही छपराच्या पन्हळी काढून टाकल्या, म्हणजे पुरावाच नको. तेव्हापासून एकमेकांशी एक शब्द नाही. फादरनी दोनदा समेट घडवला. दोन्ही वेळा दोघे फादरशीच बोलले.

दुसऱ्या दिवशीही पाऊस थांबला नाही, त्यामुळे छत गुंडाळता येईना. विलासने दोन्ही खांब काटेकोर सारखे ठेवले आणि दर दहा मिनिटांनी खुर्चीवर चढून टोपाने पाणी उपसायला लागला. निवृत्तीनंतर इतका कामात मी त्याला पाहिला नव्हता. मी त्यातलं थोडं पाणी गाळून डाळ शिजवली. विहिरीच्या मचूळ पाण्यात तासभर न शिजलेली तूरडाळ तीन शिट्ट्यांत लोणी झाली. वाटीभर फिलूमावशींना दिली.

तासाभरात बस्त्यावकाका आले. पानी आमच्याकडे सोडलं तरी चालेल, म्हणाले. सोबत निळं पिंप आणलं होतं. विलासने खांब खाली केला. पाच मिनिटांत पास्कोलकाका त्यांचं पिंप घेऊन हजर. काल पाणी ढकलण्यावरून जे आमच्यावर नाराज होते, ते आज ओढण्यावरून झाले. शेवटी पाळ्या लागल्या. एक तास याचा, एक तास त्याचा. विलास मोबाईलवर गजर लावून खांब वर-खाली करत होता. दुपारी पास्कोलकाकांची तक्रार आली, की त्याच्या तासात पाऊस जास्त पडला. विलास म्हणाला की ते माझ्या हातात नाही. त्यावर दोघेही त्याच्याकडे संशयाने बघत राहिले.

मला खरंच रडू येत होतं. आम्ही सहलीला आलो होतो, समुद्र तीन मिनिटांवर होता आणि मी तो अजून पाहिला नव्हता. वर कापडाची शिवण उसवायला लागलेली. मी विलासला खाली उतरवलं, मासेमारीची जाड दोरी मागून घेतली, छताच्या मधोमध वरून टाकली आणि पुढच्या बाजूने खुंटीला ताणून बांधली. कापड मध्ये दबलं, पन्हळ झाली, आणि धार बरोबर हद्दीवर पडायला लागली. तिथे एकच पिंप ठेवलं. म्हटलं, हवं त्याने घ्या, नको त्याने घेऊ नका, मी किनाऱ्यावर चालले.

परत आले तेव्हा पाऊस उघडला होता. पिंप काठोकाठ भरलेलं. पास्कोलकाका कळशी भरून वळले होते, बस्त्यावकाका तांब्या घेऊन आपल्या पाळीची वाट बघत होते. आमच्या खुर्चीत विलास बसला होता.

"झाकन लाव," बस्त्यावकाका म्हणाले. "डास होतील."

पास्कोलकाका थांबले. कळशी खाली ठेवली. झाकण लावलं आणि वरून हाताने दाबलं. दारात उभ्या फिलूमावशींनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली.

निघायच्या दिवशी छत सुकलं होतं, पण ते गुंडाळायला विलासचे हात धजेनात. त्याने नट सोडवले आणि छत दोन घरांच्या मध्ये बांबूंवर बांधून दिलं. दोघा भावांनी चार माणसं बोलावून ट्रेलर हाताने फिरवून रस्त्याला लावला. भाडं घेतलं, सुकट वर दिली.

जायचं असेल तर पावसाळ्यात जरूर जा. दोरी, गाळणं आणि पिंप सोबत ठेवा, पहिल्या दहा मिनिटांचं पाणी वाहून जाऊ द्या, आणि गाडी लावण्याआधी जमीन कोणाची ते नीट विचारा. आमच्या गाडीला आता छत नाही, शेगडी आत मांडावी लागते आणि भाजीचा वास गादीला लागतो. विलासला त्याचं वाईट वाटत नाही, मला थोडं वाटतं.

परवा मी फिलूमावशींना फोन केला. म्हटलं, भाऊ बोलतात का?

"बोलतात? सकाळपासून भांडतात," त्या म्हणाल्या. छताचं कापड कोनी धुवायचं, त्यावरून. मागून दोन्ही आवाज ऐकू येत होते. त्यांनी फोन तसाच धरून ठेवला, आणि आम्ही दोघी बराच वेळ ते ऐकत राहिलो.