फुटस्क्रेमधली प्रशस्त खोली

लिंडसे ट्रेविनला भाड्याची खोली फुटस्क्रे या उपनगरातच हवी होती. त्याची बायको मर्ल तिथल्या वृद्धाश्रमात होती आणि तिला दुपारचं जेवण भरवायला तो रोज पायी जायचा. आता राहत्या घराचा मालक घर विकत होता. लांब गेलं तर दोन बस बदला, आणि लिंडसेचा गुडघा एका बसलाच कुरकुरायचा.

शनिवारी तिथली एक खोली भाडेकरूंना बघायला उघडली. जाहिरातीत ‘प्रशस्त स्टुडिओ’, प्रत्यक्षात जुनं गॅरेज. पलंगावर पडल्या पडल्या तव्यातलं सॉसेज उलटावं, इतकं प्रशस्त. ओलीच्या डागावर रंगाचा एकच हात मारलेला, तोही अर्धाच. तरी रांग फाटकाबाहेर गेली होती.

टालिया नावाची एजंट टॅब घेऊन प्रत्येकाला म्हणत होती, “तुमच्याबद्दल थोडं सांगा ना.”

लिंडसेच्या पुढची पोरगी म्हणाली, “मी स्वयंपाक करत नाही. आवाज करत नाही. घरी फारशी नसतेच.”

“मग खोली कशाला हवीय हिला?” लिंडसेसोबत आलेला त्याचा शेजारी डार्को पुटपुटला.

लिंडसेची पाळी आली. स्वतःचे गोडवे गाणाऱ्याला त्याच्या पिढीत पबमध्ये कुणी शेजारी बसू देत नसे.

“भाडेकरू म्हणून कसे आहात तुम्ही?”

“वाईट नाही.”

“म्हणजे?”

“मालकानं तक्रार केली नाही. फारशी नाही.”

टालिया पुढच्या माणसाकडे वळली. डार्कोनं कपाळाला हात लावला. “लिंडसे, गाढवा, मर्लचं सांग की.”

“ते भीक मागणं झालं.”

“मग काय, इथे उपकार करायला आलायस?”

लिंडसे पुन्हा टालियाकडे गेला. बायको दोन गल्ल्या पलीकडे वृद्धाश्रमात आहे, माझ्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही, एवढंच बोलला.

“अरेरे,” टालिया म्हणाली. “पण त्या बऱ्या होऊन आल्या तर? इथे एकालाच राहता येतं.”

“ती बरी होणार नाही.”

“मग छान,” ती म्हणाली आणि टॅबवर टिपून घेतलं.

मंगळवारी तिचा फोन आला. खोली लिंडसेला मिळाली होती. त्यानं आभार मानले, कारण मानावे लागतात, आणि वृद्धाश्रमात गेला. मर्लला भोपळ्याचं सूप भरवताना म्हणाला, “घर मिळालं. इथेच, जवळ.”

मर्लनं तोंड उघडलं. कसं मिळालं, ते तिनं विचारलं नाही. लिंडसेनं पुढचा चमचा भरला.